दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा नेमकी कशाबद्दल व्हावी?

पायवाट:

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याच्या हातून कोणाचा जीव गेला की काही दिवस एकच मागणी ऐकू येते, ती म्हणजे आरोपीला जन्माची अद्दल घडवा. त्या मागणीमागचा संताप मला पूर्णपणे समजतो. तरीही गेली काही वर्षे एक प्रश्न माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे आणि तो सर्वांपुढे ठेवावा म्हणून हा धागा काढते आहे. आपण शिक्षा देतो ती माणूस मेला याबद्दल, की चालक पिऊन गाडीत बसला याबद्दल?

तीन वर्षांपूर्वी एका घरगुती समारंभाहून परतताना माझ्या बहिणीचे यजमान गाडी चालवणार होते. ते प्यायलेले आहेत हे गाडीतल्या सगळ्यांना माहीत होते. सीट बेल्टची पट्टी त्यांनी ओढून घेतली, पण तिचे टोक खाचेत काही केल्या बसेना. एकदा चुकले, पुन्हा चुकले, तिसऱ्या वेळी शेजारी बसलेल्या माझ्या बहिणीने त्यांच्या हातातून ते टोक घेतले आणि खटकन बसवून दिले. ज्यांना वीतभर अंतरावरची खाच साधत नव्हती, त्यांच्या हाती आम्ही चार जणांचे जीव सोपवले. मी मागच्या सीटवर होते आणि चकार शब्द बोलले नाही. आम्ही सुखरूप घरी पोहोचलो. दोन वर्षांनी त्याच गृहस्थांनी तशाच अवस्थेत एका सायकलस्वाराला उडवले आणि त्या तरुणाचा उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला.

कायद्याच्या दृष्टीने पहिली रात्रसुद्धा गुन्ह्याचीच होती, पण तिच्याकडे गुन्हा म्हणून कोणीच पाहिले नाही, आम्हीही नाही. चालकाने त्या दोन्ही रात्री एकच कृत्य केले होते, दुसऱ्या रात्री रस्त्यावर समोर कोणीतरी होते एवढेच.

हा धोका किती असतो हे मला नंतर आकडेमोड करून पाहिल्यावर कळले. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. न प्यायलेल्या चालकाला अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागतो असे धरले, रस्ता कोरडा आणि ब्रेक चांगले आहेत असेही धरले, तर ती गाडी ३६-३७ मीटरमध्ये थांबते. प्यायलेल्या चालकाला केवळ अर्धा सेकंद जास्त लागला, तर ज्या जागी पहिली गाडी थांबते, त्याच जागी दुसरीचा वेग अजून ताशी ४०च्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या गाडीसमोरचा पादचारी दचकून बाजूला होतो, दुसरीसमोरचा थेट गाडीच्या बॉनेटवर आदळतो. शिवाय दारूने केवळ हातपाय मंदावत नाहीत. समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो, एकाच वेळी आरसा, रस्ता आणि वेग या तिन्हींवर लक्ष राहत नाही, आणि सर्वांत आधी जाते ती स्वतःच्या अवस्थेची पारख. म्हणूनच ‘मला काही झालेले नाही’ हे प्यायलेल्या माणसाचे वाक्य तो खोटे म्हणून बोलत नसतो, त्याला ते खरेच वाटत असते.

माझे मत असे की शिक्षा लहान असली तरी चालेल, पण ती चुकता कामा नये, लगेच व्हावी आणि अपघात होण्याची वाट न पाहता व्हावी. शिक्षेच्या कठोरपणापेक्षा तिची खात्री माणसाला जास्त रोखते, हे इटालियन विचारवंत चेझारे बेक्कारिया यांनी १७६४ सालीच लिहून ठेवले होते. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९६७ पासून श्वासचाचणीचा कायदा लागू झाला, तेव्हा रात्रीचे अपघात झपाट्याने खाली आले. पुढे पकडले जाण्याची शक्यता फारशी नाही हे चालकांच्या लक्षात आले आणि तो परिणाम ओसरत गेला. कायदा तोच होता, शिक्षाही तीच होती, फक्त धाक संपला होता. याउलट ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने डिसेंबर १९८२ पासून संशय असो वा नसो, कोणत्याही चालकाला थांबवून श्वास तपासायला सुरुवात केली, ती मोठ्या प्रमाणावर आणि सातत्याने चालू ठेवली, आणि तिथे मृत्यूंमध्ये झालेली घट टिकून राहिली.

आपल्याला काय वाटते ते सविस्तर लिहावे.

मैलाचा दगड:

आपण तळमळीने लिहिले आहे, पण मी सहमत नाही आणि त्याचे कारण वैयक्तिक आहे. मी सतरा वर्षांचा असताना माझे वडील पदपथावरून चालत घरी येत होते. प्यायलेल्या एका चालकाची गाडी पदपथावर चढली. दुसऱ्या दिवशी आम्ही स्मशानातून परतलो तेव्हा तो माणूस जामिनावर सुटून त्याच्या घरी पोहोचला होता. खटला नऊ वर्षे चालला. त्या नऊ वर्षांत माझी आई प्रत्येक तारखेला बाबांचा चष्मा पर्समध्ये घेऊन न्यायालयात जात असे. तो पुरावा म्हणून कोणी मागितला नव्हता, तरीही ती नेत असे.

‘शिक्षा लहान असली तरी चालेल’ हे आपले वाक्य मी तिला वाचून दाखवू शकणार नाही. बंदूक भरून गर्दीत डोळे मिटून चालवणाऱ्याला आपण निष्काळजी म्हणत नाही. पिऊन गाडी हाकणाऱ्याला मात्र ‘बिचाऱ्याच्या हातून चूक झाली’ असे म्हणणारे शेजारी, वकील आणि कधी कधी न्यायाधीशही भेटतात. जीव गेला असेल तर खुनाइतकीच शिक्षा असली पाहिजे.

काळा कोट:

मी फौजदारी न्यायालयात वकिली करतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण कायदा काय आहे ते आधी नीट मांडतो, कारण याबाबत गैरसमज फार आहेत.

भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले की गुन्हा पूर्ण होतो. अपघात व्हावा लागत नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुढच्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दोषी ठरलेल्या चालकाला किमान सहा महिने वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे, असेही कलम २० सांगते. पायवाटताई, या कलमाचे शब्द लक्षपूर्वक पाहा: वाहन चालवताना ‘किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना’. गाडी जागची हललेली नसली तरीही चालकाच्या आसनावर बसून ती चालू करू पाहणारा प्यायलेला माणूस या कलमात येऊ शकतो.

मृत्यू झाला तर प्रश्न वेगळा होतो. निष्काळजीपणामुळे मृत्यू म्हणायचे की सदोष मनुष्यवध, यावर सगळा खटला फिरतो. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली कमाल शिक्षा दोन वर्षे होती. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. सदोष मनुष्यवध सिद्ध झाला, म्हणजे आपल्या कृत्याने कोणी मरू शकतो ही जाणीव चालकाला होती हे दाखवता आले, तर ती दहा वर्षांपर्यंत जाते. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर गाडीखाली मरण पावले. त्या प्रकरणात सत्र न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षे केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली ती कायम ठेवली. सात जीव आणि तीन वर्षे, हे प्रमाण मला आजही बोचते.

मैलाचा दगड, आपण म्हणता तशी खुनाइतकी शिक्षा काही ठिकाणी आलेली आहे. इंग्लंडमध्ये पिऊन बेपर्वाईने गाडी चालवून जीव घेणाऱ्याची कमाल शिक्षा २०२२ साली चौदा वर्षांवरून जन्मठेपेपर्यंत वाढवली गेली. परंतु न्यायालयात रोज उभा राहणारा माणूस म्हणून सांगतो, शिक्षा जितकी जबर, तितका आरोपी शेवटपर्यंत लढतो, साक्षीदार तितके फितवले जातात आणि पुराव्यातील बारीकशी फटही तितकी मोठी ठरते.

रात्रपाळी:

पुराव्यातील फट म्हणजे काय ते मी सांगते. मी अपघात विभागात अधिपरिचारिका आहे आणि अशा रुग्णांचे रक्त घेण्याची वेळ माझ्यावर अनेकदा आली आहे.

सुई टोचण्यापूर्वी त्वचा पुसायला आम्ही सवयीने स्पिरिटचा बोळा उचलतो. मद्याच्या तपासणीसाठी रक्त घेताना तो वापरायचा नसतो, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल आणि बचाव पक्षाचा वकील नेमका तोच प्रश्न विचारतो. त्वचा अल्कोहोल नसलेल्या द्रावणाने पुसायची, नमुना सोडियम फ्लोराइड असलेल्या नळीत घ्यायचा म्हणजे तो साठवणीत बिघडत नाही, नळी गच्च बंद करायची, मोहोर लावायची, वेळ लिहायची. नवी मुलगी कामावर रुजू झाली की मी तिला हे सर्वांत आधी शिकवते. रात्री तीन वाजता, एका बाजूला रक्तस्राव थांबत नसलेला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला घाई करणारा पोलीस शिपाई असताना यातले एखादे पाऊल चुकते, आणि चार वर्षांनी एक माणूस निर्दोष सुटतो. वेळ तर क्षणोक्षणी निसटत असते, कारण यकृत १०० मिलिलिटर रक्तातील अल्कोहोलचे प्रमाण ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅमने खाली आणत असते. नमुन्याला जितका उशीर, तितका गुन्हेगाराचा फायदा.

आणखी एक गोष्ट, जी फार कोणी बोलत नाही. ‘पिणाऱ्याला काही होत नाही, समोरचाच मरतो’ हा समज खरा नाही. प्यायलेल्या रुग्णाच्या डोक्याला मार लागलेला असेल तर गुंगी दारूची की मेंदूतल्या रक्तस्रावाची, हे ओळखणे अवघड जाते आणि तेवढ्या वेळात तो हातचा जातो. अशा दोन मुलांच्या आयांना मृत्यूची बातमी मी दिलेली आहे. दोघीही मला एकच विचारत होत्या: त्याला कोणी अडवले कसे नाही?

चौथा गिअर:

मी वीस वर्षे मालवाहू गाडी चालवतो. पिणाऱ्या चालकाची बाजू मला घ्यायची नाही, कारण रात्री समोरून येणारी गाडी मधली रेषा सोडून अंगावर यायला लागली की आम्हालाच कळते. प्रश्न एवढाच आहे की परवाना काढून घेतला तर आमच्यासारख्याच्या घरची चूल त्या दिवसापासून बंद होते, आणि ज्याच्याकडे चार गाड्या व पगारी चालक आहे त्याला काहीच फरक पडत नाही. दंडाचेही तसेच. माझा महिन्याचा पगार जातो, त्याचा एका संध्याकाळचा खर्च जातो. हा न्याय आहे का?

पायवाट:

आपला मुद्दा अगदी रास्त आहे. दंडाबाबत फिनलंडमध्ये १९२१ पासून एक पद्धत आहे. दंड रुपयांत न ठरवता दिवसांत ठरतो आणि एका दिवसाची रक्कम त्या माणसाच्या उत्पन्नावर बेतलेली असते. मजुराला आणि कारखानदाराला दंडाचे दिवस सारखे, पण रक्कम प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे. आपल्याकडे निदान या एका गुन्ह्यासाठी ते व्हावे असे मला वाटते.

परवान्याबाबत मात्र मी मवाळ होऊ शकत नाही. विद्युत जोडणी करणारा मनुष्य प्यायलेला आढळला तर त्याला कोणी खांबावर चढू देणार नाही, मग त्याच्या घरची परिस्थिती कशीही असो. फक्त परत येण्याची वाट खुली असावी. गाडीत श्वासकुलूप बसवता येते: चालकाने नळीत फुंकल्यावर श्वासात मद्य आढळले तर इंजिन चालूच होत नाही, आणि प्रवासात मधूनमधूनही ते पुन्हा फुंकायला सांगते. अमेरिकेतील सर्व राज्यांत शिक्षा झालेल्या चालकांसाठी त्याविषयी कायदे आहेत. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत ते बसवण्याची सोय ठेवावी लागते. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला बंदीचा काही काळ संपल्यावर या कुलपासह कामावर येऊ द्यावे.

मैलाचा दगड, आपल्या आईंबद्दल वाचून मी दोन दिवस उत्तर लिहू शकले नाही. ‘लहान असली तरी चालेल’ हे माझे शब्द मी मागे घेते. जीव घेणाऱ्याला जबर शिक्षा झालीच पाहिजे, आणि ती नऊ वर्षांनी नव्हे. माझे म्हणणे त्याच्या अलीकडचे आहे. आपल्या वडिलांना उडवणारा माणूस त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदाच पिऊन गाडीत बसला असेल, असे मला वाटत नाही.

मैलाचा दगड:

नव्हता. साक्षीत त्याच्याच मित्राने सांगितले होते की तो नेहमीच तशी चालवतो आणि नीट चालवतो.

परतीची वाट:

बराच विचार करून लिहितो आहे. मी अकरा वर्षे प्यायलो आणि त्यातली बहुतेक वर्षे पिऊन गाडी चालवली. गेली सहा वर्षे मी प्यायलेलो नाही. माझ्या हातून कोणाचा जीव गेला नाही, पण त्यात माझे कर्तृत्व शून्य आहे.

मला दोनदा पकडले. पहिल्यांदा दंड भरला आणि त्याच आठवड्यात पुन्हा प्यायलो. त्या दंडाने मी फक्त नाकाबंदी कोणत्या चौकात असते ते शिकलो आणि गल्लीबोळातून जाऊ लागलो. दुसऱ्या वेळी पकडले ते सकाळी. रात्री एक वाजेपर्यंत पीत होतो, नंतर झोपलो, सातला उठून अंघोळ केली, कडक कॉफी घेतली आणि कामावर निघालो. मी शुद्धीत आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. यंत्राने मर्यादेच्या दुप्पट आकडा दाखवला तेव्हा मी पोलिसांशी भांडलो. वर रात्रपाळीताईंनी जो वेग सांगितला आहे त्याने हिशेब करा: रात्री एकला १५० असेल आणि ताशी १५ धरले, तर सकाळी सातला ६० उरते. कॉफीने, गार पाण्याने किंवा ओकारी काढल्याने तो वेग वाढत नाही.

त्या वेळी मला सहा महिने परवाना मिळणार नव्हता आणि समुपदेशनाला पाठवले गेले. सक्तीने गेलो, चिडत गेलो. तिथे पहिल्यांदा कोणी मला विचारले की आठवड्यातून किती दिवस न पिता झोपता, आणि मला उत्तर देता आले नाही. जर्मनीत पुन्हा पुन्हा सापडलेल्या किंवा फार जास्त प्रमाण आढळलेल्या चालकाला परवाना परत हवा असेल तर वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय परीक्षा द्यावी लागते, आणि पिण्याची सवय खरोखर बदलली आहे हे पटवून द्यावे लागते. नुसती मुदत संपली म्हणून परवाना हाती येत नाही. व्यसनी माणसाला कैदेची भीती दाखवून उपयोग नसतो, कारण पिताना तो उद्याचा विचार करत नसतो. त्याची किल्ली काढून घ्या आणि त्याला उपचारांना बसवा, दोन्ही एकदम.

रात्रपाळी:

परतीची वाट, हे उघडपणे लिहिल्याबद्दल आपले मनापासून आभार.

चौथा गिअर:

शेजारी बसणाऱ्यांचे काय? पायवाटताईंनी स्वतःच कबुली दिली आहे म्हणून विचारतो, रागावू नये.

पायवाट:

रागावण्यासारखे काही नाही, तो प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. जपानमध्ये २००६ साली फुकुओका येथे प्यायलेल्या चालकाच्या धडकेने एका कुटुंबाची गाडी पुलावरून समुद्रात पडली आणि तीन लहान मुले बुडून गेली. त्यानंतर २००७ साली तिथे कायदा कडक झाला. चालकाला गाडी देणारा, गाडी चालवणार हे ठाऊक असून त्याला दारू देणारा, आणि तो प्यायला आहे हे माहीत असूनही ‘मला घरी सोड’ म्हणणारा सहप्रवासी, हे सगळे स्वतंत्रपणे शिक्षेस पात्र ठरले. आपल्याकडे असे काही आहे का, हे काळा कोट यांनी सांगावे.

काळा कोट:

आहे, आणि वकिलांनाही ते चटकन आठवत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १८८ सांगते की कलम १८५ च्या गुन्ह्याला जो अपप्रेरणा देतो, त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. अर्थात नुसते गप्प बसणे म्हणजे अपप्रेरणा ठरत नाही. चिथावणी, संगनमत किंवा जाणूनबुजून केलेली मदत यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते. म्हणून मागच्या सीटवर मौन राहिलेल्या आपल्याला ते लागू होईल असे मला वाटत नाही. किल्ली आणून देणाऱ्याला मात्र लागू होऊ शकते, आणि पोलिसांनी ते लावायला सुरुवात केली तर समारंभांच्या दारात पुष्कळ किल्ल्या खिशातच राहतील.

श्वासचाचणीबद्दलही एक सांगायचे राहिले. आपल्या कायद्यात पोलिसाला ती घेण्यासाठी संशयाला वाजवी कारण असावे लागते. आपण उल्लेख केलेल्या न्यू साउथ वेल्समध्ये ती अट काढून टाकली गेली. माझ्या मते दंड वाढवण्याआधी कायद्यात हा एक बदल व्हायला हवा.

पायवाट:

काल बहिणीकडे गेले होते. यजमानांचा खटला अजून उभा राहायचा आहे. ते आता बसने कामाला जातात. त्या सायकलस्वार तरुणाला कृत्रिम पाय बसवला आहे आणि तो पुन्हा चालायला शिकतो आहे. बहीण दर महिन्याला त्याच्या आईला भेटून येते, तिने मला हे कधी सांगितले नव्हते.

मी तिला कलम १८८ वाचून दाखवले आणि त्यापुढे काळा कोट यांनी लिहिलेले जाणूनबुजून मदत करण्याबद्दलचे वाक्यही वाचले. तीन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचा विषय मी काढला नव्हता. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “बेल्ट मी लावून दिला होता ना?”